मस्कीगनचा वखारवाला

आबांच्या वखारीत भुश्यालाही खातं होतं. परतवाड्याला आमची लाकडाची वखार, तिला लागून आरामशीन. मशीनखालचा भुसा रोज संध्याकाळी पोत्यांत भरायचा, चहाच्या टपऱ्यांना भुश्याच्या शेगडीसाठी आणि बर्फवाल्याला लाद्या झाकायला विकायचा, आणि आलेले पैसे खतावणीत 'भुसा खाते' म्हणून जमा करायचे. रक्कम एवढीशी. पण ते पान लिहायचं राहिलं तर आबा, म्हणजे माझे वडील, ताटावर बसत नसत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून लग्न होऊन अमरावतीला जाईपर्यंत ती खतावणी मी लिहिली. घनफूट, गोलाई, वाहतूक पास, कोणत्या ओंडक्याच्या तोंडावर कोणाच्या हातोड्याची खूण, सगळं मला पाठ. लाकडाला हात लावायची वेळ मात्र क्वचितच आली.

मुलगा मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला असतो. गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेले होते तेव्हा एका रविवारी म्हणाला, "आई, तुझ्या धंद्यातल्या माणसाचं घर आहे, चल." तासाभराच्या आतली वाट. मस्कीगन हे लेक मिशिगनच्या पूर्व काठावरचं गाव. तिथल्या वेबस्टर अॅव्हेन्यूवर दोन मोठी लाकडी घरं शेजारी शेजारी उभी आहेत. मनोरे, कंगोरे, रंगीत काचा, आणि रंग तर असे की आपल्याकडे एखाद्या देवळालाच द्यावेत. एक घर चार्ल्स हॅकलीचं, दुसरं टॉमस ह्यूमचं. दोघे लाकडाच्या एकाच पेढीचे भागीदार. मार्गदर्शक बाई दाराच्या कोरीव कामाबद्दल सांगत होत्या, पण माझं लक्ष त्यांच्या एकाच वाक्याकडे गेलं: दोघेही हिशेबनीस होते. मी मुलाला म्हटलं, "अरे, मग हा माझ्याच धंद्यातला. लाकडाच्या नव्हे, खतावणीच्या."

हॅकली जन्मला १८३७ साली, इंडियाना राज्यातल्या मिशिगन सिटी या गावी. लहानपण विस्कॉन्सिनमधल्या केनोशात गेलं. शाळा पंधराव्या वर्षी सुटली आणि वडिलांबरोबर रस्तेबांधणीच्या कामाला लागला. वडील जोसेफ कामाच्या शोधात आधी मस्कीगनला आले, मागोमाग १८५६ च्या एप्रिलमध्ये हा. शिडाच्या जहाजातून सरोवर ओलांडलं तेव्हा वय १९ आणि खिशात सात डॉलर. ही सात डॉलरची गोष्ट तिथे सगळे सांगतात. श्रीमंत झालेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात सुरुवातीला मोजके पैसे असतात आणि ते किती होते हे पुढे सगळ्या गावाला पाठ असतं. आमच्याकडे एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत तो आकडा अकरा रुपयांचा होता, आणि दर दिवाळीला एकेक रुपयानं कमी व्हायचा.

तर हॅकली डर्की, ट्रुसडेल या पेढीच्या गिरणीत मजूर म्हणून लागला, हिवाळ्यात रानात गेला, मुकादम झाला. पोरगा हुशार आहे हे पाहून मालकांनी त्याला केनोशाला हिशेब शिकायला पाठवलं. परत आला तो कचेरीत बसला. त्याच सुमारास, १८५७ साली, अमेरिकेत मोठी मंदी आली. लाकडाचे भाव बसले, पेढ्या बुडाल्या, त्याच्या मालकांचीही डबघाई झाली. १८५९ मध्ये बापलेकांनी भागीदारीत तीच गिरणी हातात घेतली. कोणाचं देणं किती, कोणता माल कुठे अडकलाय, गिरणी खरोखर किती किमतीची आहे, हे त्या गावात ज्या दोनचार माणसांना आतून माहीत असणार त्यांतला एक हा बावीस वर्षांचा कारकून. वखार विकायला निघाली की पहिला गिऱ्हाईक मुनीमच असतो, असं आबा म्हणायचे. म्हणूनच की काय, मुनीम म्हणून त्यांनी घरचीच मुलगी बसवली.

या धंद्यात मोजमाप म्हणजेच नफा, हे बाहेरच्यांना चटकन समजत नाही. आपल्याकडे ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून गोलाई काढायची, तिच्या चौथ्या भागाचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं, झाले घनफूट. अमेरिकेत मोजणी बोर्ड फुटांची. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. असे बारा म्हणजे आपला एक घनफूट. ओंडका मोजणारा ओंडक्याच्या बारीक तोंडावर खुणांची पट्टी आडवी धरतो, सालीच्या आतला व्यास बघतो आणि त्यातून फळ्या किती निघतील ते कोष्टकावरून सांगतो. एकोणिसाव्या शतकात तिकडे अशी बरीच कोष्टकं चालत. त्यांतल्या डॉइल नावाच्या कोष्टकानं बारा इंची, सोळा फुटी ओंडक्याचे भरतात ६४ बोर्ड फूट, म्हणजे सव्वापाच घनफूटच म्हणा. तोच ओंडका आमच्या दोरीनं मोजला तर दहा घनफुटांच्या घरात जातो. करवतीत जाणारा भुसा आणि कडेची सालीची फळी त्यांच्या कोष्टकानं आधीच वजा केलेली, हे खरं. पण धारदार करवतीच्या गिरणीत त्या ओंडक्यातून ६४ पेक्षा बऱ्याच जास्त फुटांच्या फळ्या निघतात. ओंडका विकत घेताना ६४ चे पैसे मोजायचे आणि फळ्या विकताना प्रत्यक्ष निघतील तेवढ्यांचे घ्यायचे. जाड ओंडक्याला हा फरक आटत जातो. कोणता ओंडका कोणत्या कोष्टकानं घ्यायचा हे ज्याला कळलं तो या धंद्यात तरला. कुऱ्हाड कोणीही चालवू शकतं.

लाकूड होतं पांढरं पाइन. सरळसोट, दीडशे फुटांपर्यंत चढणारं, मऊ, खिळ्याला फाटत नाही असं. आणि मुख्य म्हणजे तरंगणारं. सागाचं तसं नाही. ओला साग पाण्यात बुडतो. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड वर्तुळाकार कापून झाड उभ्यानंच दोनतीन वर्षं वाळवायचे, मग तोडून नदीत सोडायचे. पाइनला ही थांबण्याची गरज नव्हती. मिशिगनचं रान इतक्या झपाट्यानं संपलं याचं निम्मं कारण मला या एका गुणात दिसतं.

मस्कीगन नदी उत्तरेच्या सरोवरांतून निघते आणि दोनशे मैलांहून जास्त वळणं घेत खाली मस्कीगन तळ्यात येते. तळ्यातून पुढे लेक मिशिगन आणि सरोवरापलीकडे शिकागो. लाकूड कापायचं हिवाळ्यात. रस्त्यावर पाणी शिंपडून ते गोठवायचं आणि बर्फाच्या त्या काचेवरून घोड्यांच्या घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी आणून रचायचे. वसंतात बर्फ वितळलं, नदी फुगली की ओंडके पाण्यात लोटायचे. बुटांना खिळे ठोकलेली माणसं हातात आकड्याच्या लांब काठ्या घेऊन ओंडक्यांवरून नाचत खाली यायची. त्यांच्याबद्दल तिकडे पुष्कळ पोवाडे आहेत. वखारवाल्यांबद्दल मात्र एकही नाही.

एकाच नदीत शेकडो मालकांचा माल. मग कोणाचा कोणता? त्यांचीही हातोड्याचीच रीत. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर मालकाच्या चिन्हाचा लोखंडी हातोडा मारायचा. तारा, अक्षर, बाण, काहीही, पण सरकारदफ्तरी नोंदवलेलं. तसा एक हातोडा तिथे काचेमागे बघितला आणि मला आमच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला हातोडा आठवला. वनखात्यात नोंदवलेल्या खुणेशिवाय ओंडका परतवाड्यातून हलत नसे, आणि खोट्या खुणेचा माल सापडला की महिनाभर बाजारात दुसरा विषय नसे. मस्कीगनला हे ओंडके वेगळे करण्यासाठी १८६४ साली गिरणीवाल्यांनी मिळून एक कंपनीच काढली, मस्कीगन बूमिंग कंपनी. नदीच्या मुखाशी साखळीनं जोडलेल्या तरंगत्या ओंडक्यांचं कुंपण, आत माणसं उभी, येणाऱ्या प्रत्येक ओंडक्याचं तोंड बघून त्याला ज्याच्या त्याच्या कप्प्यात ढकलायची. मला ती पाण्यावर पसरलेली खतावणीच वाटली.

१८६४ हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच साली हॅकलीनं जूलिया मूरशी लग्न केलं. आणि त्याच साली इकडे इंग्रज सरकारनं हिंदुस्थानचं वनखातं काढलं, डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस त्यावर नेमून. दोन वर्षांनी, आमच्या वखारीत जिथलं लाकूड यायचं त्या मेळघाटातलं रान राखीव झालं. इंग्रजांनी ते काही पुण्यासाठी केलं नाही. त्यांना रेल्वेचे स्लीपर हवे होते, आणि ज्या कोरकू आदिवासींचं ते रान त्यांनाच तिथे पास काढून जायची वेळ आली. पण निदान या वर्षी हा तुकडा, तो पुन्हा वाढेपर्यंत दुसरा, अशी एक वही त्या खात्यानं घातली. मिशिगनमध्ये अशी वही कोणी घातली नाही. तिथे जमीन सरकारकडून एकरी सव्वा डॉलरनं मिळायची, पाइन कापून झालं की कर भरायचा कशाला म्हणून ती तशीच सोडून द्यायची. ती सरकारकडे तरी आली कुठून? १८३६ च्या तहात ओडावा आणि ओजिब्वे लोकांकडून १ कोटी ३८ लाख एकर लिहून घेतलेले, त्यातलीच ही. मस्कीगन हा शब्दसुद्धा त्यांचाच. दलदलीची नदी असा काहीसा अर्थ.

धंदा चढला तो सरोवरापलीकडच्या शिकागोमुळे. पश्चिमेला शेकडो मैल झाड नसलेलं गवताळ रान, तिथे रोज नवी गावं वसत होती आणि घरं पाइनच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून उभी राहत होती. मधला अडत्या शिकागो. मग १८७१ च्या ८ ऑक्टोबरला शिकागो जळालं. लाखभर माणसं बेघर झाली, कारण घरंच काय, तिथले पायरस्तेसुद्धा फळ्यांचे होते. मिशिगनच्या काठावर त्याच दिवशी मस्कीगनच्या दक्षिणेला हॉलंड जळालं, उत्तरेला मॅनिस्टी जळालं. उन्हाळाभर पाऊस नव्हता आणि तोडलेल्या झाडांच्या फांद्या, शेंडे, साली रानभर वाळत पडलेल्या. मस्कीगन वाचलं. शिकागो पुन्हा बांधायला लाकूड लागणार होतं आणि ते द्यायला ज्या गिरण्या शाबूत होत्या त्यांत हॅकलीची होती. याला त्याचं कर्तृत्व म्हणता येणार नाही. वारा त्या दिवशी कुठे वाहिला एवढाच प्रश्न.

नंतरच्या वर्षांत वेग वाढतच गेला. बर्फ नसेल तेव्हा ओंडके ओढायला मॅनिस्टीच्या सायलस ओव्हरपॅकनं दहा दहा फूट उंचीची चाकं बनवली. आमच्या बंडीची चाकं त्यापुढे खेळण्यातली. विनफिल्ड स्कॉट गेरिश नावाच्या लाकूडवाल्यानं १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात लहानसं इंजिन पाहिलं आणि पुढच्याच साली मस्कीगन नदीच्या वरच्या अंगाला रानात रूळ टाकले. आता ना बर्फाची वाट बघायची ना पुराची. १८८७ साली मस्कीगन तळ्याभोवतीच्या गिरण्यांनी सुमारे ६६ कोटी ५० लाख बोर्ड फूट लाकूड चिरलं. मी कागदावर बाराने भागून पाहिलं: साडेपाच कोटी घनफूट. आमच्या वखारीच्या सगळ्या आयुष्यात त्यातला किती अंश गेला असेल हे काढायला बसले आणि शून्यं मोजतानाच सोडून दिलं.

मजुरांचं काय? गिरण्यांत दिवस अकरा-बारा तासांचा असे. १८८५ च्या जुलैत मिशिगनच्या पूर्व बाजूला सॅगिनॉ खोऱ्यात संप झाला, संपकऱ्यांची घोषणा होती: दहा तास, नाहीतर भुसा नाही. मला हसूच आलं. गिरणी बंद करू, फळी देणार नाही, असं काही न म्हणता भुसा नाही म्हणाले. पण करवतीपाशी बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात, केसांत, जेवणाच्या डब्यात जे जातं ते भुसाच. त्याला मालाचं नाव तेच सुचणार.

आता घराविषयी. आबांची मुलगी म्हणून मी आधी घराचं लाकूड पाहिलं. हॅकली दांपत्याचं घर १८८७ ते १८८९ या काळात बांधलं गेलं. ग्रँड रॅपिड्सचा डेव्हिड हॉपकिन्स हा वास्तुकार. म्हणजे सगळ्यात जास्त लाकूड चिरलं त्याच वर्षी घराचा पाया पडला. आतलं कोरीव काम मस्कीगनच्याच केली ब्रदर्स या कारखान्यानं केलं. जिना, दारांच्या चौकटी, भिंतींचं खालचं अंग, जिकडे पाहावं तिकडे नक्षी. माझ्या नजरेला ते कठीण जातीचं लाकूड दिसलं. पाइनमध्ये एवढं बारीक काम धरत नाही. त्याचं नवल वाटलं नाही. आमचंही घर सागाचं नव्हतं. साग विकायचा माल. आमच्या माळवदाला साधे फाटे आणि मयाली होत्या. हॅकलीचं उलटं: विकायचा तो पाइन, राहायला त्याहून भारी.

जूलियाबद्दल तिथे फार थोडं ऐकायला मिळालं आणि मला तिचंच जास्त ऐकायचं होतं. लाकडाच्या धंद्यातल्या नवऱ्याची बायको म्हणजे हिवाळाभर रानात काय चाललंय याची वाट बघणारी, नदीत ओंडके अडकले की घरातल्या माणसाचा चेहरा वाचणारी. लग्नानंतर मूल झालं नाही. त्यांनी एक मुलगा आणि एक मुलगी दत्तक घेतली. मुलाचं नाव चार्ल्स मूर, म्हणजे नाव नवऱ्याचं आणि आडनाव तिच्या माहेरचं, आणि मुलगी एरी. एवढ्या मोठ्या घरात दोन मुलं. शेजारी ह्यूम. तो आयर्लंडचा, १८७० साली अमेरिकेत आला, १८७२ मध्ये मस्कीगनला. आधी रात्रीचा पहारेकरी, मग हॅकलीच्या कचेरीत हिशेबनीस. हॅकलीचा आधीचा भागीदार जेम्स मॅकगॉर्डन १८८० साली वारला, त्याचा हिस्सा ह्यूमनं घेतला आणि १८८१ पासून पाटी लागली हॅकली अँड ह्यूम. ह्यूमला सात मुलं. त्याचं घर बाहेरून त्याच धाटणीचं, पण आत नक्षी कमी आणि वावरायला जागा जास्त. सात लेकरांच्या घरात नक्षीतली धूळ कोण पुसत बसणार!

दोन घरांच्या मागे पागा मात्र एकच. मधोमध विभागलेली, इकडचे घोडे आणि बग्गी यांचे, तिकडचे त्यांचे. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. भागीदारीतली सामाईक वस्तू म्हणजे काय असते ते मी लहानपणी पाहिलंय. आबांच्या एका भागीदाराची आणि आमची विहीर एक होती. एका उन्हाळ्यात रहाटाचा दोर कोणी आणायचा यावरून बोलणं तुटलं ते नऊ वर्षं. पेढी चालू, विहीर चालू, दोघं रोज एका गादीवर बसायचे आणि एकमेकांशी बोलायचं ते मुनीमामार्फत, म्हणजे माझ्यामार्फत. हॅकली आणि ह्यूमची भागीदारी हॅकली मरेपर्यंत टिकली. पागेतल्या मधल्या भिंतीला बहुधा त्याचं काही श्रेय द्यायला हवं.

पाइन संपणार हे ज्यांना सगळ्यांत आधी कळलं असेल त्यांत हे दोघं असणार. ओंडक्यांची गोलाई वर्षागणिक कमी होताना खतावणीत दिसतेच. १८८७ नंतर आकडे उतरत गेले. १८९१ मध्ये गावात मोठी आग लागून पुष्कळ इमारती गेल्या. १८९४ साली हॅकली अँड ह्यूमची गिरणी थांबली. इतर गिरणीवाले पैसा घेऊन दक्षिणेकडे किंवा पॅसिफिकच्या काठाकडे निघून गेले, जिथे अजून झाडं होती. यांनीही लुइझियाना, मिसिसिपी अशा राज्यांत जंगलं घेतली. संत वगैरे कोणी नव्हतं. पण हॅकलीनं घर हलवलं नाही.

त्यानं आधीच गावाला द्यायला सुरुवात केली होती. १८८८ च्या २५ मे रोजी त्यानं मोफत वाचनालयासाठी १ लाख डॉलर जाहीर केले. १८९० मध्ये ते उघडलं. दगडी, किल्ल्यासारखं, आजही चालू आहे. २५ मे हा दिवस गावात हॅकली दिन झाला. समोर चौक करून दिला, त्यात १८९२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांचं स्मारक उभं केलं, मग लिंकन, ग्रँट, शर्मन, फॅरागट यांचे पुतळे. १८९७ मध्ये हातकाम शिकवणारी शाळा, १९०४ मध्ये रुग्णालय. गिरण्यांच्या जागी दुसरे कारखाने यावेत म्हणून खटपट केली. चेस-हॅकली नावाची पियानोची कंपनीही निघाली. १९०५ च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा मृत्युपत्रात चित्रं विकत घेण्यासाठी शाळा मंडळाला दीड लाख डॉलर ठेवले होते. लाकूडवाल्याला चित्रांतलं काय कळतं, असं कोणाच्या मनात येईल. पण त्या पैशातून १९१२ मध्ये कलादालन उभं राहिलं आणि व्हिस्लर या चित्रकाराचं एक चित्र लवकरच तिथे आलं. मी पाहिलं. तपकिरी आणि गुलाबी रंगातली एक मुलगी. आबांनी विचारलं असतं, चौकट कशाची?

श्रीमंताची संपत्ती बरीचशी लोकांमुळे, कामगारांच्या श्रमामुळे होते आणि ती जिवंतपणीच खर्च करावी, म्हणजे ती ठरल्या जागी पोचली की नाही हे देणाऱ्याला बघता येतं, असं हॅकलीचं म्हणणं होतं. शेवटचा भाग वाचून मला खरोखर आनंद झाला. हा अस्सल हिशेबनीस! दान दिलं तरी पावती स्वतः तपासणार. आणि पहिल्या भागात त्यानं कामगारांचं देणं मान्य केलं, हे त्या काळच्या मालकाच्या मानानं कमी नाही. फक्त त्या यादीत झाडं नाहीत, आणि ज्यांच्याकडून जमीन लिहून घेतली तेही नाहीत. मी खूप वेळ विचार केला. त्याला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण आमच्या खतावणीत भुश्याला खातं होतं पण मेळघाटाला नव्हतं.

मस्कीगन नदी जिथून निघते त्या बाजूला, ग्रेलिंग गावाजवळ, हार्टविक पाइन्स नावाचं रान आहे. १९२७ मध्ये कॅरेन हार्टविक या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या आठवणीसाठी ८,००० एकरांवर जमीन राज्याला दिली. नवराही लाकूडवाला, पहिल्या महायुद्धात वारला. त्या जमिनीत न तोडलेलं जुनं पाइन राहिलं होतं; आज उरलंय सुमारे ४९ एकर. नातवाबरोबर मी तिथे गेले. एका बुंध्याला दोघांनी मिठी मारली तरी हात मिळेनात. सवयीनं मनात गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी सुरू झालं. थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नातू विचारत होता, "आजी, काय पुटपुटतेस?" मी सांगितलं, परवचा म्हणतेय.

परतायच्या आदल्या दिवशी मुलगा पुन्हा मस्कीगनला घेऊन गेला, या वेळी तळ्याच्या काठावर. गिरण्यांच्या काळात भुसा, सालीच्या फळ्या, तुकडे, काही बॉयलरखाली जाळायचे आणि बाकी सगळं तळ्यात लोटायचे. वर्षानुवर्षं ते इतकं साठलं की काठच पुढे सरकला. पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून ते लाकूड कुजलंही नाही. माशांच्या अंडी घालायच्या जागा त्याखाली गाडल्या गेल्या. अलीकडे सरकारी पैशानं ते यंत्रांनी उपसून काढायचं काम झालंय. "खर्च कोणाच्या नावे पडला?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "सगळ्यांच्याच, आई. करातून."

काठाला पाण्यात हात घातला तर एक तुकडा लागला, वीतभर, एका अंगाला अजून सालीचा काळा पापुद्रा. म्हणजे ओंडक्याच्या कडेची पहिली फळी. नखानं ओरखडा काढला. आत पिवळसर, पण राळेचा वास गेलेला. तोंडाकडून उलटून पाहिलं, हातोड्याची खूण दिसते का म्हणून. पाण्यानं घासून गुळगुळीत केलं होतं. ओढणीत गुंडाळून घरी आणला. मुलगा म्हणाला, विमानातून असलं काही नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. मग तो त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी ठेवून आले. परवा फोनवर सून म्हणाली, "तो वाळल्यावर निम्मा हलका झालाय. त्याच्यावर आता मी चहाचं भांडं ठेवते."